निळ्या शालीतील स्त्री : केटे कोलविट्झ यांचे एक शिळाचित्र आणि आपली दृष्टी

(बंगळूर येथील एचएसआर लेआउटमध्ये मराठी भाषिक साथींच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

कॉम्रेड्स,

आजच्या अभ्यासवर्गासाठी माझ्याकडे विषय मागण्यात आला, तेव्हा मी एका चित्राचे नाव सांगितले. काही साथींना आश्चर्य वाटले. अभ्यासवर्गात अर्थकारण, संघटना, चालू राजकीय परिस्थिती हे विषय असतात. चित्राला तेथे सहसा भिंतीवर जागा मिळते, विषयपत्रिकेवर मिळत नाही. आपल्या प्रकाशनांसाठी भाषांतर करणे हे माझे काम आहे. शब्दांशी रोज झगडणाऱ्या माणसाला एका चित्राच्या शीर्षकाने अडवले, आणि त्या अडखळण्यातून जे प्रश्न उभे राहिले, ते आपणा सर्वांचे आहेत असे मला वाटले. म्हणून हा विषय.

भिंतीवर लावलेली ही प्रत त्या चित्राची साधी छपाई आहे. मूळ चित्र १९०३ सालचे असून ते बर्लिन येथे काम करणाऱ्या केटे कोलविट्झ या जर्मन चित्रकर्तीने काढलेले रंगीत शिळाचित्र, म्हणजे लिथोग्राफ आहे. चित्रात एक स्त्री आहे, छातीपर्यंतच. पार्श्वभूमी काळोखी. मान किंचित झुकलेली, नजर खाली. चेहऱ्यावर थोडासा उजेड आणि खांद्यांवर गडद निळी शाल. बस्स. यंत्र नाही, चूल नाही, मूल नाही, झेंडा नाही. तिचे हातसुद्धा आपल्याला दिसत नाहीत. आकाराने हे चित्र वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानाहून मोठे नाही. व्यक्तिचित्र म्हटले की त्याखाली नाव असते. येथे नाव नाही. शीर्षक इतकेच सांगते की ही निळी शाल पांघरलेली श्रमिक स्त्री आहे.

ही प्रत मी काही दिवसांपूर्वी आपल्या एका ज्येष्ठ साथीला दाखवली. त्या मूळच्या बीदर जिल्ह्यातील भालकीकडच्या. याच वसाहतीत सकाळपासून चार घरी स्वयंपाक करतात. मी त्यांना विचारले, "या बाईंच्या चेहऱ्यावर दुःख किती आहे, नाही?" त्यांनी चित्र हातात घेतले, खिडकीपाशी नेऊन नीट पाहिले आणि म्हणाल्या, "रडत नाही ताई ही. हिशोब करायली."

कॉम्रेड्स, कलासमीक्षेची पुस्तके मीही थोडीफार वाचली आहेत. या चित्राविषयी इतके नेमके वाक्य मला त्यांत आढळले नाही. मी दुःख पाहिले, कारण श्रमिक स्त्रीच्या चेहऱ्यावर दुःखच पाहण्याची मला सवय लागली आहे. त्यांना विचार दिसला, कारण खाली झुकलेल्या नजरेमागे काय चाललेले असते हे त्यांना अनुभवाने ठाऊक आहे. आजच्या भाषणाचा सारांश या एका वाक्यात आहे; पुढे मी जे बोलणार आहे, ते त्याचे विवरण आहे.

एका शब्दाचा प्रश्न

प्रथम शीर्षक. मूळ जर्मन शीर्षकात 'आर्बाइटरफ्राउ' हा शब्द आहे. 'आर्बाइटर' म्हणजे कामगार. 'फ्राउ' म्हणजे स्त्री, आणि 'फ्राउ' म्हणजेच पत्नी. तेव्हा या एका शब्दाचे मराठीत दोन अर्थ होतात : 'कामगार वर्गातील स्त्री' आणि 'कामगाराची बायको'. निव्वळ 'काम करणारी स्त्री' एवढेच सांगायचे असते, तर जर्मन भाषेत 'आर्बाइटरिन' हा निःसंदिग्ध शब्द उपलब्ध आहे. शीर्षकात तो नाही.

भाषांतरकाराला दोन्ही दारांतून एकाच वेळी जाता येत नाही. मी पहिल्या खेपेस 'कामगाराची पत्नी' असे लिहिले, आणि ते वाचून मलाच लाज वाटली. चित्रात कोणी कामगार पुरुष नाही. तरीही मी तिची ओळख एका गैरहजर पुरुषाच्या मार्फत करून दिली होती. मग मी 'कामगार स्त्री' असे लिहिले, आणि तेथेही मन थबकले. आपल्या लिखाणात 'कामगार' हा शब्द आला की डोळ्यांपुढे कारखान्याचे फाटक, हजेरीपट आणि पगारपत्रक उभे राहते. ज्या स्त्रीचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नाही, तिचे काय?

हा प्रश्न केवळ शब्दकोशाचा नाही. गिरणगावातील खाणावळी आठवा. कोकण, देश आणि घाटावरून मुंबईत एकट्याने आलेल्या गिरणी कामगारांना ज्या स्त्रियांनी दोन वेळचे जेवण रांधून घातले, त्या कागदोपत्री कामगाराच्या बायकाच होत्या. त्यांच्या चुलीवाचून गिरणीची पाळी सुरू झाली नसती. संपाच्या काळात त्यांच्या उधारीवाचून संप टिकला नसता. तरीही त्यांना श्रमिक म्हणून संघटित करण्याचे काम १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने हाती घेईपर्यंत तो श्रम 'घरचे काम' या सदरात जमा होत राहिला. सोलापुरात घराच्या उंबऱ्यावर सूप मांडीवर घेऊन विड्या वळणारी स्त्री हेही त्याच प्रश्नाचे दुसरे रूप आहे.

आपल्या भाषेने मात्र या बाबतीत एक गंमत करून ठेवली आहे. एकवचनी 'बायको' म्हटले की ती कोणाची तरी असते. अनेकवचनी 'बायका' म्हटले की ती मालकी गळून पडते. 'बायकांचा मोर्चा निघाला' असे म्हटल्यावर कोणी विचारत नाही की त्या कोणाच्या बायका. एकटी असताना जी कोणाची तरी होती, ती एकत्र येताच स्वतःची होते. जर्मन शब्दातील ही दुहेरी गाठ मराठीत सोडवायची असेल, तर ती अशी संघटनेच्या मार्गानेच सुटेल, असे मला वाटते. तूर्त मी 'श्रमिक स्त्री' हा शब्द वापरते. तो पुरेसा नाही; पण त्यात चूल आणि यंत्र दोन्ही मावतात.

शिळा एकच, चित्रे दोन

हे चित्र शिळेवर तयार झाले, याला महत्त्व आहे. शिळाछाप ही कला १७९० नंतरच्या दशकात बव्हेरियात आलोइस झेनेफेल्डर याने शोधून काढली. तिचे तत्त्व साधे आहे : तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. बारीक कणांच्या चुनखडीच्या गुळगुळीत फरशीवर तेलकट खडूने चित्र काढायचे. डिंक आणि सौम्य आम्ल यांचा हात फिरवून ते पक्के करायचे. मग शिळा ओली करून तिच्यावर तेलकट शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या भागावर शाई बसत नाही, खडूच्या रेषेवर बसते. वर कागद ठेवून दाब दिला की चित्र उमटते. रंगीत चित्रासाठी रंगागणिक निराळी शिळा लागते, आणि प्रत्येक छाप आधीच्या छापावर अचूक बसावा लागतो. लाकूड किंवा तांबे कोरताना हाताला जो अडथळा होतो, तो येथे नाही. हाताचा कंप, दाब, थांबणे हे सारे जसेच्या तसे उतरते. चेहऱ्यावरची ती मऊ सावली खडूच्या टोकाची आहे.

मराठी माणसाला ही शिळा परकी नाही. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली मुंबईत मराठी पंचांग छापले, तो काळ शिळाप्रेसचाच. आजोबांच्या घरी लाल फडक्यात बांधलेली जुनी पोथी आपल्यापैकी काहींनी पाहिली असेल. तिची अक्षरे हाताने लिहिल्यासारखी दिसतात, कारण ती हातानेच लिहून शिळेवर चढवलेली असतात. पुढे १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांनी मुंबईत आपला छापखाना काढला, तो नंतर लोणावळ्याजवळ मळवलीस गेला आणि कालांतराने फ्रित्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. त्या छापखान्यातून निघालेली लक्ष्मी आणि सरस्वती घराघरांतील देव्हाऱ्यात जाऊन बसली.

म्हणजे विसाव्या शतकाच्या आरंभी, एकाच तंत्राने, मळवलीस कमळावर उभी असलेली लक्ष्मी छापली जात होती आणि बर्लिनमध्ये निळ्या शालीतील श्रमिक स्त्री. रविवर्म्यांच्या कामाला मी कमी लेखत नाही. ज्यांना देवळाच्या गाभाऱ्यात प्रवेश नव्हता, त्यांच्या झोपडीतही त्या छापांनी देवाचे चित्र नेले, ही लहान गोष्ट नव्हे. पण तंत्र कोणते, यावर चित्राचा वर्ग ठरत नाही. शिळा एकच, तिच्यावर कोणाचा चेहरा काढायचा हा निर्णय माणसाचा असतो. समृद्धीची देवता कोण, आणि समृद्धी निर्माण करणारी कोण, हा फरक त्या दोन चित्रांमध्ये आहे.

एंगल्स यांची पत्रे आणि बहिणीची चित्रे

हा निर्णय कोलविट्झ यांच्याकडे कोठून आला? केटे श्मिट यांचा जन्म ८ जुलै १८६७ रोजी कोनिग्सबर्ग येथे झाला. वडील कायदा शिकलेले, परंतु समाजवादी विचारांमुळे ती वाट सोडून बांधकामाच्या धंद्यात शिरलेले. त्यांचे थोरले बंधू कॉनराड श्मिट हे नाव आपल्या जुन्या साथींना चांगले परिचित आहे. ऐतिहासिक भौतिकवाद शिकताना एंगल्स यांनी १८९० मध्ये लिहिलेली जी दोन पत्रे आपण वाचतो, ती याच कॉनराड श्मिट यांना लिहिलेली आहेत. भौतिकवाद हे अभ्यास टाळण्याचे निमित्त होऊ नये, तो अभ्यासाचा मार्गदर्शक असावा, असा इशारा त्यांतील एका पत्रात आहे. विचारसरणीची क्षेत्रे आर्थिक पायावर उभी असली तरी त्यांची स्वतःची गती असते, असे दुसऱ्यात. आपण ही पत्रे वर्षानुवर्षे शिकवली, पण ज्यांना ती आली त्यांची बहीण कोण, हे आपल्याला कोणी सांगितले नाही.

१८९१ मध्ये केटे यांचा विवाह डॉक्टर कार्ल कोलविट्झ यांच्याशी झाला. कार्ल हे कामगारांच्या आजार विमा निधीचे डॉक्टर. दवाखाना आणि घर उत्तर बर्लिनच्या कामगार वस्तीत. त्या घरात या दांपत्याने आयुष्य काढले. दवाखान्यात येणाऱ्या स्त्रिया तपासणी झाल्यावर डॉक्टरांच्या पत्नीपाशी थांबत, आपली गाऱ्हाणी सांगत. विणकरांच्या उठावावरील त्यांची चित्रमालिका १८९८ मध्ये प्रदर्शित झाली. तिच्या सहा चित्रांपैकी तीन शिळाचित्रे होती. परीक्षकांनी पदकाची शिफारस केली आणि कैसर दुसऱ्या विल्हेल्मने ती फेटाळली.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आपल्याला असे म्हणणे सोयीचे होईल की वर्गजाणिवेतून त्यांनी श्रमिक स्त्री काढली. स्वतः कोलविट्झ यांनी उतारवयात आठवणी लिहिताना असे म्हटलेले नाही. त्यांचे म्हणणे असे की आरंभी करुणेने नव्हे, सौंदर्याने त्यांना कामगारांकडे ओढले. मध्यमवर्गीय जीवनात त्यांना कसलीच मोहकता वाटली नाही. कामगारांच्या जीवनाचे खरे गांभीर्य त्यांना पुढे, पतीच्या दवाखान्यातून उमगत गेले.

ही कबुली काहींना अडचणीची वाटेल. मला ती या चित्राची किल्ली वाटते. करुणा वरून खाली पाहते. ती दात्याची दृष्टी आहे, आणि तिच्यात श्रमिक माणूस नेहमी थोडा वाकलेला दिसतो. सौंदर्य पाहणाऱ्याला मात्र समोरासमोर बसावे लागते. राजे, सरदार, व्यापारी आणि त्यांच्या स्त्रिया यांचा चेहरा शतकानुशतके ज्या लक्षपूर्वकतेने पाहिला गेला, ती लक्षपूर्वकता येथे एका अनाम श्रमिक स्त्रीला मिळाली. तिची शाल सत्काराची नाही, थंडीची आहे. पण तिच्या निळाईवर चित्रकर्तीने खर्च केलेला वेळ दरबारी चित्रकाराने राणीच्या रेशमावर खर्च केलेल्या वेळेहून कमी प्रतीचा नाही. माणसाला त्याच्या हलाखीमुळे नव्हे, त्याच्या माणूसपणामुळे पाहण्यायोग्य मानणे, ही भूमिका आपल्या तत्त्वज्ञानाला परकी नाही.

रंगाचा हा काळ थोडा होता. पुढे त्यांनी रंग जवळजवळ सोडला आणि काळ्या-पांढऱ्यावर भर दिला. १९०६ मध्ये बर्लिनमध्ये घरगुती उद्योगातील मजुरांच्या स्थितीवर प्रदर्शन भरले, त्याचे भित्तिपत्रक त्यांनी शिळेवर काढले. त्यावरही एका स्त्रीचाच चेहरा, थकव्याने मिटत चाललेला. ते भित्तिपत्रक दृष्टीआड केल्याखेरीज प्रदर्शनास येणार नाही, असे जर्मनीच्या सम्राज्ञीने कळवले. प्रदर्शनातील मजुरीचे आकडे सम्राज्ञीला सोसवले असते. चेहरा सोसवला नाही. सत्तेला कशाची भीती वाटते हे यावरून कळते.

पुढचा इतिहास मी थोडक्यात सांगते. १९१४ च्या ऑक्टोबरात धाकटा मुलगा पेटर बेल्जियमच्या आघाडीवर मारला गेला. जानेवारी १९१९ मध्ये कार्ल लिबक्नेख्त आणि रोझा लुक्सेंबुर्ग यांची हत्या झाल्यावर लिबक्नेख्त यांच्या कुटुंबीयांनी कोलविट्झ यांना शवागारात बोलावले. त्यातून, तांबे आणि शिळा दोन्ही अजमावून झाल्यावर, लाकडावर कोरलेले प्रसिद्ध स्मृतिचित्र तयार झाले. त्या स्वतः कोणत्याही पक्षाच्या सभासद नव्हत्या, आणि लिबक्नेख्त यांचे राजकारण आपले नव्हे हे त्यांनी दैनंदिनीत नोंदवले आहे. कामगारांनी त्यांना दिलेला निरोप रेखाटण्याचा हक्क मात्र त्यांनी सोडला नाही. १९२१ मध्ये रशियातील दुष्काळग्रस्तांसाठी आणि १९२४ मध्ये युद्धाविरुद्ध त्यांनी काढलेली भित्तिपत्रके शिळेवरचीच. १९३२ मध्ये समाजवादी आणि कम्युनिस्ट या दोन्ही पक्षांनी नाझींविरुद्ध एक व्हावे, या जाहीर आवाहनावर त्यांनी सही केली. दोन्हीकडच्या नेतृत्वाने ते ऐकले नाही. संयुक्त आघाडीचे धोरण आंतरराष्ट्रीयच्या सातव्या काँग्रेसमध्ये १९३५ साली आले, तोवर जर्मनीत फार उशीर झाला होता. फेब्रुवारी १९३३ मध्ये कोलविट्झ यांना प्रशियाच्या कला अकादमीतून बाहेर पडणे भाग पाडण्यात आले. नातू पेटर १९४२ मध्ये रशियाच्या आघाडीवर पडला. २२ एप्रिल १९४५ रोजी, युद्ध संपण्यास जेमतेम दोन आठवडे उरले असता, मोरित्सबुर्ग येथे त्यांचे निधन झाले.

कागदावरची चित्रे सीमा ओलांडतात. १९३६ मध्ये लू शुन यांनी शांघाय येथे त्यांच्या चित्रांचा संग्रह प्रसिद्ध केला. आपल्याकडे चित्तप्रसाद आणि सोमनाथ होरे या दोघा साथींच्या रेषेत त्यांचा वारसा जाणवतो. चित्तप्रसाद यांनी बंगालच्या दुष्काळावर काढलेल्या पुस्तिकेच्या प्रती ब्रिटिश सरकारने १९४३ मध्ये जप्त करून जाळल्या. कोणाला भित्तिपत्रक झाकावेसे वाटते, कोणाला पुस्तिका जाळावीशी वाटते.

बोम्मनहळ्ळीचा हिशोब

आता आपण जेथे बसलो आहोत तेथे येऊ. होसूर रस्ता आणि सर्जापूर रस्ता यांच्या नावांवरून ओळखली जाणारी ही वसाहत. येथे संगणकावर काम करणारे तरुण राहतात, त्यांच्यात आपले मराठी साथीही आहेत. येथून जवळच बोम्मनहळ्ळी, तयार कपड्यांच्या कारखान्यांचा भाग. त्या कारखान्यांत बहुसंख्य कामगार स्त्रिया.

फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने भविष्य निर्वाह निधीचे नियम बदलले. मालकाच्या हिश्शाची रक्कम वयाच्या ५८ व्या वर्षापर्यंत काढता येणार नाही, असे ठरले. दिल्लीत कोणाला हा किरकोळ फेरफार वाटला असेल. १८ एप्रिल रोजी या कारखान्यांतील हजारो स्त्रिया बाहेर पडल्या, त्यांनी बोम्मनहळ्ळीचा चौक आणि होसूर रस्ता अडवला. लाठीमार झाला, अश्रुधूर झाला. दुसऱ्या दिवशी आंदोलन शहरभर पसरले, आणि १९ एप्रिलच्या संध्याकाळी केंद्र सरकारने तो बदल रद्द केला. दोन दिवसांत.

त्या वेळी वर्तमानपत्रांना आश्चर्य वाटले की या मुक्या स्त्रिया एकदम कशा उठल्या. कॉम्रेड्स, खरे सांगायचे तर आश्चर्य आपल्यालाही वाटले. ते आंदोलन कोणत्याही संघटनेच्या हाकेवर उभे राहिले नव्हते. का वाटावे आश्चर्य? शिवणयंत्रावर मान खाली घालून बसलेली ती स्त्री आपल्याला दिसत होती. आपल्याला तिची मान दिसली, थकवा दिसला, दुःख दिसले. तिचा हिशोब चालू आहे, हे दिसले नाही. मुलीच्या प्रवेशाचे पैसे, गावाकडचे कर्ज, घरभाड्याची आगाऊ रक्कम, आणि काम सुटले तर निधीतून हाती येणारी ती एकमेव ठोक रक्कम. ५८ वर्षे हा आकडा तिने मनातल्या मनात आपल्या वयाशी ताडून पाहिला आणि ती उठली. वर्गजाणीव आपण परिपत्रकाने पोचवतो तेव्हाच तेथे पोचते, हा आपला समज त्या दोन दिवसांनी खोटा ठरवला.

म्हणून माझी सूचना साधी आहे. आपली भित्तिपत्रके आणि विशेषांकांची मुखपृष्ठे काढून पाहा. त्यांत श्रमिक स्त्री दोनच रूपांत आढळेल : मूल कवटाळून रडणारी, नाहीतर मूठ उगारलेली. अश्रू आणि मूठ दोन्ही खरी आहेत. परंतु या दोहोंच्या मधला जो दीर्घ काळ आहे, ज्यात ती गप्प बसून विचार करते, तोलते, ठरवते, त्याचे चित्र आपल्याकडे नाही. चित्र नाही, कारण त्या काळात आपण तिच्याकडे पाहत नाही, तिला विचारत नाही. संघटनेचे काम खरे तर त्याच काळात व्हावयाचे असते.

कोलविट्झ यांनी १९०३ साली तो क्षण पकडला. त्यासाठी त्यांना त्या स्त्रीसमोर बसावे लागले असेल, पुष्कळ वेळ, काही न बोलता. हा धडा घेण्यास कोणा पदवीची गरज नाही. ही प्रत मी या भिंतीवरच ठेवून जात आहे. पुढच्या बैठकीस येताना प्रत्येकाने आपल्या घरी, कचेरीत किंवा कारखान्यात काम करणाऱ्या एका स्त्रीशी सविस्तर बोलून यावे आणि तिचा हिशोब काय आहे तो समजून घ्यावा. शीर्षकासाठी माझ्याजवळचा शब्द अजून अपुरा आहे. तो कदाचित त्यांच्यापैकीच कोणी आपल्याला सांगेल.

लाल सलाम.